खोलीतली तीस सेकंदं

१

"कुलूप शाबूत, किल्ली खिळ्यावर, आणि कप्प्यातली डिस्क गायब!" दिग्दर्शक फोनवर किंचाळत होता. "काल बाहेरचं माणूस एकच आलं होतं इथे. तुम्ही! दोन वाजेपर्यंत स्टुडिओत या, नाहीतर मी सरळ पोलिसांकडे जातो."

कानवालीनं फोन कानाशी घट्ट दाबला. शेवटचा भाग गेला? गुट्टीचा?

कानवाली हे तिचं इस्पितळातलं नाव. कान तपासायचं काम तिचं. गाद्या ठोकलेल्या एका लहानशा खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, आणि काचेच्या अलीकडे बसून एकेक बारीक सूर सोडायचा. सूर ऐकू आला की त्या माणसानं बोट वर करायचं. आत्ताही आत एक आजोबा बसले होते आणि सूर सोडलेला नसतानाच ऐटीत बोट वर करत होते. इतर दिवशी तिनं त्यांना पहिल्यापासून बसवलं असतं. "ऐकू आलं तरच बोट! खोटं बोट मला चालत नाही," हे तिचं पालुपद सगळ्या इस्पितळाला पाठ होतं. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरांना तिनं यावरून झापलं होतं. आज तिनं आजोबांना सहकारणीच्या हवाली केलं आणि पिशवी उचलून धावत सुटली.

गुट्टी म्हणजे कार्टूनमधली गोगलगाय. घर पाठीवर घेऊन फिरणारी, सगळीकडे उशिरा पोचणारी, आणि भाग संपताना न चुकता सांगणारी, "दार लोटा, दिवा राहू द्या. मी आलेच!" सव्वीस वर्षं हे वाक्य एकाच बाईच्या तोंडून आलं होतं, आणि लहानथोर सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत.

कानवाली नऊ वर्षांची होती तेव्हा गळ्यात घराची किल्ली घालून शाळेतून यायची. आई कामावर. रिकाम्या घरात भीती वाटायची, पण सांगणार कुणाला? साडेचार वाजता गुट्टी लागायची. "दार लोटा," म्हटलं की पोर उठून दार लोटायची. "दिवा राहू द्या," म्हटलं की दिवा लावायची. आणि "मी आलेच," म्हटलं की आई येईपर्यंतचा तास निभावून न्यायची. लोकांना देव पावतो, तिला गोगलगाय पावली होती. त्या बाईंचं उद्या सकाळी आठ वाजता ऑपरेशन होतं. घशातला रोग कापताना स्वरयंत्रच काढून टाकणार होते. म्हणजे कालचं ध्वनिमुद्रण हा बाईंचा शेवटचा आवाज, आणि तोच चोरीला गेला होता.

२

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. लांबट व्हरांडा, त्यात एक बाकडं, मग यंत्रांची खोली, आणि काचेच्या पलीकडे बोलायची खोली. त्या काचेवर जाड काळा पडदा ओढलेला होता.

"काल तुमची पिशवी तासभर या यंत्रांच्या खोलीत पडली होती. हो की नाही?" दिग्दर्शकानं तिला बसूही दिलं नाही.

"होती. बाईंनी बोलावलं म्हणून मी आले, आणि तुम्हीच म्हणालात, व्हरांड्यात अडचण नको. घ्या, तपासा. घर तपासा माझं."

"डिस्क तळहाताएवढी. पचवलीसुद्धा असेल तुम्ही! वर्षानुवर्षं दर महिन्याला पत्र लिहिणारं माणूस काय करेल याचा नेम नाही. मागे एक भाग बाहेर फुटला, तेव्हापासून मी यंत्रावर काही ठेवत नाही. एकच डिस्क, एकच कप्पा."

"आणि एकच किल्ली, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्यावर," कोपऱ्यातून रेकॉर्डिस्ट म्हणाला. हा टक्कल पडलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ पहिल्या भागापासून इथे होता.

"तू गप्प बस रे! सहा वाजता वाहिनीचा माणूस येणार. तोवर डिस्क मिळाली नाही तर नवी मुलगी बोलेल शेवटचा भाग. आत पाठांतर करतेय ती."

"पण बाई पुन्हा बोलतील की! उद्या आहे ना ऑपरेशन?"

"मी पाया पडलो त्यांच्या. सकाळपासून बोलावून बसवलंय दोघी बहिणींना. मान हलवतात नुसत्या. म्हणे घसा साफ बसला. कालच काय आवाज होता, मध! या भागात गुट्टी म्हातारी झालीय, आणि बाईंच्या आवाजाला म्हातारपण येईना. पाच वेळा घेतलं तेव्हा कुठे जमलं."

"तुम्ही बघत होतात?"

"बघू देतात कुठे? दोन वर्षं झाली, हा पडदा लावल्याशिवाय त्या बोलत नाहीत. आत त्या आणि त्यांची थोरली बहीण. मी इथून सूचना द्यायची, कळलं की त्यांनी माइकवर एक टिचकी मारायची. एरवी बोलून घसा झिजवायचा नाही, डॉक्टरांची मनाई. मोठ्या माणसांची तऱ्हा, आपण काय बोलणार?"

रडायला वेळ नव्हता. भिंतीवरचं घड्याळ दोन वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

"मला सहापर्यंत शोधू द्या. नाहीच सापडली तर तुम्ही म्हणाल तिथे सही करते, की मीच घेतली."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. दिग्दर्शकानं मात्र लगेच कोरा कागद काढून टेबलावर ठेवला.

३

नवी मुलगी बोलायच्या खोलीत एकटीच बसली होती. वीस-एकवीस वर्षांची, नखं कुरतडणारी.

"ताई, मी नाही घेतली हो!" कानवालीनं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "सगळे माझ्याकडेच बघतात. फायदा माझाच ना! पण मला बाईंसारखं होतच नाहीये. शेवटच्या वाक्याला रडू येतं."

"काल तू आत आली होतीस?"

"काल नाही, आज सकाळी. माइकसुद्धा माझ्या छातीशी होता, वर करावा लागला. हे बघा, दांड्याला खुणेच्या पट्ट्या आहेत. निळी माझी, लाल बाईंची. त्या उंच, म्हणून लाल वर. माइक मात्र लालच्या खाली हातभर होता. कुणी एवढा खाली ओढला कोण जाणे."

कानवालीनं तिथला कागद उचलला. कालचे संवाद. एकेक अक्षर बोराएवढं, एका पानावर जेमतेम चार ओळी. तिला काल संध्याकाळचं आठवलं. तिनं दिलेलं शुभेच्छापत्र बाईंनी व्हरांड्यातल्या मिणमिणत्या उजेडात चष्म्याशिवाय वाचलं होतं, आणि तिनं तर त्यात मुंग्यांएवढं बारीक लिहिलं होतं. मग एकही शब्द न बोलता त्यांनी तिच्या गालाला हात लावला होता. तिनं तो गाल रात्री धुतला नव्हता. हसा खुशाल.

बाहेर बाकड्यावर थोरली बसली होती. बुटकी, पांढऱ्या केसांची, मांडीवर थर्मास. बाईंच्या मागे सावलीसारखी असायची, पण तिच्याकडे कुणी पाहिलेलं कानवालीला आठवेना.

"मावशी, बाई कशा आहेत?"

"आत पडलीय. कुणाशी बोलायचं नाही म्हणते. म्हणजे लिहून दाखवते." ती अगदी हळू, कुजबुजल्यागत बोलत होती. "तू त्याच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. तू नाही घेतलीस, मला ठाऊक आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

थोरली गडबडली. तेवढ्यात विश्रांतीच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती लगबगीनं उठली. उठताना तिच्या गुडघ्यातून सुकी काटकी मोडावी तसा 'कट्' आवाज आला.

"हे माझं गंजकं बिजागर," ती ओशाळून हसली, आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या माठातून पेलाभर पाणी घेऊन आत गेली. थर्मास तिच्या काखेतच होता.

काहीतरी चुकत होतं, पण नेमकं काय ते कानवालीच्या हाताला लागेना. चार वाजायला आले होते.

४

"सगळंच गेलं का हो?" तिनं रेकॉर्डिस्टला विचारलं. "कालचं काहीच उरलं नाही? एखादा शब्द, एखादा खोकला?"

"उरलीय ती फक्त शांतता." त्यानं खिशातून छोटं यंत्र काढलं. "आमचं एक शास्त्र असतं. कामाला लागण्याआधी सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं आणि तीस सेकंद रिकामी खोली मुद्रित करायची. मागाहून दोन वाक्यांमधली फट बुजवायला उपयोगी पडते. ती मी माझ्याकडे ठेवतो. पण तिच्यात काय ऐकणार? काहीच नाही."

"काहीच नाही, हे ऐकण्याचाच मला पगार मिळतो," कानवाली म्हणाली आणि तिनं हेडफोन चढवला.

पहिल्यांदा खरंच काही नव्हतं. दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटले. माइकजवळ कुणीतरी श्वास घेत होतं. शांत, मोकळा, निरोगी श्वास. आणि खूप मागे, भिंतीपाशी, दुसरा श्वास. तो खरखरत यायचा आणि जाताना त्याच्या टोकाला बारीक शीळ वाजायची. तसा श्वास तिला नवा नव्हता. घशाचे रोगी तिच्या दाराबाहेरच रांगेत बसायचे.

तिनं तिसऱ्यांदा ऐकलं. विसाव्या सेकंदाला माइकच्या अगदी जवळ, स्वच्छ आवाज आला.

कट्.

तिनं हेडफोन काढला. रेकॉर्डिस्ट तिच्याकडे न बघता यंत्राची खुंटी उगाच पुसत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला काही विचारू नका. मी खुंट्या फिरवतो, पोट भरतो." मग त्याचाही धीर सुटला. "दोन वर्षं माइक खालीच लावतोय मी. लाल पट्टी काढून टाकायला हात धजला नाही, एवढंच."

दोन वर्षं! माइकसमोर बाई नव्हत्याच. दोन वर्षं गुट्टी म्हणून थोरली बोलत होती, आणि कानांवर पोट भरणाऱ्या, बाईंचा श्वाससुद्धा ओळखते म्हणून चारचौघांत मिरवणाऱ्या कानवालीला त्याचा पत्ता नव्हता.

५

"मावशी, थर्मासमधलं पाणी का नाही दिलंत?"

थोरली बाकड्यावर परत येऊन बसली होती. तिनं थर्मास पोटाशी धरला.

"कोमट पाण्यासाठीच आणता ना तो? आणि बाई खोकताहेत तर माठातलं गार पाणी देता? थर्मासमध्ये पाणी नाहीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळं जग डिस्क शोधतंय, आणि ती तुमच्या मांडीवर." कानवालीनं थर्मासकडे बोट दाखवलं. "माइक खाली होता, कारण तुम्ही बुटक्या. अक्षरं मोठी, कारण तुम्हाला बारीक दिसत नाही. आणि तुमचा गुडघा वाजलाय कालच्या मुद्रणात. तुमचाच आवाज तुम्ही चोरलात. का?"

थोरलीनं झाकण फिरवलं. आतून रुमालात गुंडाळलेली डिस्क काढली आणि दोघींच्या मध्ये बाकड्यावर ठेवली. लोक म्हणतात ना, गोगलगाय नि पोटात पाय. पण तिच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता. ती रडत होती.

"तिनं बोलावं म्हणून," ती म्हणाली. "तिच्या गुट्टीचा शेवट माझ्या तोंडून व्हायचा? उद्या तिचा घसा जाणार. वाटलं, हे हरवलं तर आज तिला माइकपुढे उभं राहावंच लागेल. मी तिला साफ सांगितलं, मी आता पुन्हा बोलणार नाही. पण तीही हट्टी. म्हणते, त्या नव्या मुलीला बोलू दे. घरी मी तिची मोठी बहीण, पण ऐकते का माझं?"

"पण मुळात त्यांनी सोडलंच का?"

थोरली थर्मासचं झाकण पुन्हा लावू लागली.

"सांगा, मावशी."

"नको विचारूस, पोरी."

"सहा वाजता मी चोर म्हणून सही करणार आहे. मला कळायला नको?"

"पहिल्या उपचाराच्या वेळी चार महिन्यांसाठी मी तिच्या जागी उभी राहिले," थोरली जमिनीकडे बघत म्हणाली. "दोघींचे आवाज लहानपणापासून सारखे. मग तिचा आवाज परत आला. थोडा चिरका होता, पण आला. सोमवारपासून ती जाणार होती. शनिवारी तुझं पत्र आलं."

कानवालीला ते पत्र पाठ होतं. आई गेली त्याच महिन्यात लिहिलेलं. ओल्या डोळ्यांनी, मनापासून.

"तू लिहिलं होतंस, पूर्वी तुमच्या आवाजात नुसती गंमत होती, आता माया आली आहे. गेल्या चार महिन्यांइतकी गुट्टी मला कधीच जवळची वाटली नाही. तिनं ते तीनदा वाचलं. घडी घातली, आणि मला म्हणाली, 'इतक्या वर्षांत या मुलीचं कौतुक कधी खोटं नव्हतं. तिचे कान सांगताहेत तर खरं असेल. सोमवारी तूच जा. कायमची.'"

व्हरांड्यात पंखा फिरत होता. बाईंचा आवाज चोरणारा शोधायला कानवाली दुपारपासून वणवण करत होती, आणि दीड-दोन वर्षांपूर्वी तो तिनंच नेला होता. स्वस्तातल्या पेनानं, प्रेमाच्या भरात.

पाच वाजले.

६

विश्रांतीच्या खोलीत बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गळ्याला मफलर, हातात पाटी. कानवाली आत गेली आणि त्यांच्या पायाशी बसली. डिस्क तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाईंनी डिस्ककडे पाहिलं, दारातल्या थोरलीकडे पाहिलं, आणि पाटीवर लिहिलं, 'कळलं तर तुला.'

"काल कळायला हवं होतं. म्हणूनच बोलावलंत ना मला?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. लिहिलं, 'ओळखतेस का ते बघायचं होतं. व्हरांड्यात दारामागून ऐकलंस. म्हणालीस, काय सुंदर!'

"मी मूर्ख आहे, बाई. आई गेली होती तेव्हा. कुणी मायेनं बोललं की बरं वाटायचं, आणि मावशी खरंच मायेनं बोलल्या. ते मी खोटं लिहिलं नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला रिकाम्या घरात दार लोटायला सांगितलं ते तुम्ही. तिला माया नको होती, कुणीतरी हुकूम सोडणारं हवं होतं. तुमच्या हुकमानं मी दिवा लावत होते." आता तिला हुंदका आवरेना. "शेवटचं वाक्य तुम्ही बोला. मी हात जोडते."

'आता उरलीय नुसती खरखर. ऐकूसुद्धा येणार नाही.'

"बारीक आवाज ऐकण्याचंच काम करते मी. तुम्ही आत बसा, मी काचेबाहेर बसते. जे ऐकू येईल त्याला मी बोट वर करीन. नाही आलं तर नाही करणार. खोटं बोट मी कुणाचं खपवून घेत नाही, स्वतःचंही नाही घेणार."

बाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'डॉक्टरांनी घसा जपायला सांगितलाय.' त्याखाली आणखी एक ओळ, 'उद्या तो फेकणारच आहेत. जपून काय लोणचं घालू?'

थोरली रडता रडता फिसकन हसली.

दिग्दर्शकाला पाटीवर दोनच ओळी मिळाल्या. 'आजचं घ्यायचं. गेल्या दोन वर्षांच्या भागांवर माझ्या बहिणीचं नाव घाला.' तो त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. "दोन वर्षं?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग त्यानं तो कोरा कागद फाडला आणि मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन बसला. नवी मुलगी त्याच्या शेजारी उभी राहिली.

रेकॉर्डिस्टनं माइक लाल पट्टीपर्यंत वर नेला. मग त्यानं काचेवरचा काळा पडदा बाजूला सारला. साडेपाच झाले होते.

"तीस सेकंद शांतता," तो म्हणाला.

कानवालीनं हेडफोन चढवला. या वेळी खरखरता श्वास माइकजवळ होता. मागे भिंतीपाशी गुडघा वाजला, आणि कुणालाच त्याचा राग आला नाही.

बाई बोलू लागल्या. आवाज फाटका होता, मध्येच विरायचा, पुन्हा यायचा. गुट्टी म्हातारी झाली होती, तिचं पाठीवरचं घर तडकलं होतं, आणि ती रानातल्या पोरांना एकेक करून निरोप देत होती. प्रत्येक वाक्याला बाई काचेतून बाहेर बघायच्या. प्रत्येक वाक्याला कानवालीचं बोट वर जायचं. कोपऱ्यात दिग्दर्शकानं चष्मा काढून डोळे पुसले.

सहाला दहा मिनिटं राहिली. शेवटचं पान आलं.

"दार लोटा," बाई म्हणाल्या. बोट वर गेलं.

"दिवा राहू द्या." हे तर श्वासाएवढंच उरलं होतं, पण होतं. बोट वर गेलं.

मग बाईंचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. पुन्हा ओठ हलले. यंत्रावरची सुई जागची हलली नाही. हेडफोनमध्ये रिकामी खोली होती, बाकी काही नव्हतं.

बाई काचेतून तिच्या हाताकडे बघत होत्या.

कानवालीनं बोट वर केलं. बाईंच्या चेहऱ्यावर हसू येईपर्यंत तिनं ते खाली घेतलं नाही.